गायकाचा थोरला भाऊ

त्या रविवारची दुपार मी अजून विसरू शकलेलो नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूरहून शिकायला आलेला मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत पोलिसांत शिरलो होतो आणि तपासापुरतं स्पॅनिशही शिकलो होतो.

त्या दुपारी द्राक्षमळ्याच्या कडेला एक मेक्सिकन गायक मृतावस्थेत सापडला. वय जेमतेम तिशीचं. लहानपणी आईबरोबर द्राक्षं तोडायचा, पुढे मजुरांच्या लग्नांत गाऊ लागला. आता त्याच्या कॅसेट घरोघरी वाजत होत्या. त्याला गाडीची धडक बसली होती. प्रतिस्पर्ध्यांनी काटा काढला, अशी कुजबुज सुरू झाली. घटनास्थळी आम्हाला गाडीच्या फुटलेल्या दिव्याच्या काचा मिळाल्या.

अंत्यविधीनंतर एका गॅरेजवाल्याचा फोन आला. "दिवा फुटलेली पिकअप आलीय. मालक म्हणतो, हरीण आडवं आलं. पण हरणाचा एक केस कुठे नाही."

काचा जुळल्या. पिकअप गायकाच्या थोरल्या भावाची होती. त्यानेच धाकट्याला गायला शिकवलं होतं. शवपेटीला पुढचा खांदाही त्याचाच होता.

मी त्याला त्याचे हक्क वाचून दाखवले. तो हरणालाच धरून बसला. "त्या दिवशी भाऊ भेटलाच नाही," म्हणाला. मी दरडावलं नाही, त्यांच्या लहानपणाबद्दल विचारत राहिलो. बोलता बोलता तो म्हणाला, "एवढ्या उन्हात उघड्या डोक्यानं निघाला वेडा."

हा गायक टोपीशिवाय बाहेर पडत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मृतदेहाजवळ टोपी नव्हती, हे मात्र आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं.

"टोपी कुठे होती?"

"माझ्या गाडीत."

मग सगळं बाहेर आलं. "एकदा तुझ्याबरोबर स्टेजवर गाऊ दे," असं त्याने धाकट्याला म्हटलं होतं. धाकटा म्हणाला, "तुझा आवाज गेलाय, दादा. लोक हसतील." भांडण झालं आणि धाकटा रागाने गाडीतून उतरून चालू लागला.

"टोपी द्यायला गाडी मागे वळवली, साहेब. ऊन थेट डोळ्यांवर आलं."

"मग मदत का नाही बोलावली?"

"मुद्दाम मारलं म्हणाले असते."

आई ठाण्यात आली, तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिने एवढंच विचारलं, "लगेच गेला का रे तो?"

"नाही. मला हाका मारत होता."

तिने शालीत तोंड लपवलं. मी मान खाली घातली. आपण इथे असायला नको होतं, असं नोकरीत पहिल्यांदाच वाटलं.

तोवर मी आरोपीच्या चेहऱ्यावर भीती शोधायचो. त्यानंतर शरम ओळखायला शिकलो. शिक्षेची भीती त्याला नव्हतीच, कोर्टात त्याने मुकाट्याने गुन्हा कबूल केला. आई भेटायला आली की मात्र तो कोठडीतून बाहेरच येत नसे. ती थोडा वेळ बसायची आणि परत जायची. पुढच्या भेटीच्या दिवशी पुन्हा यायची.