कार्डावरचे फुकटचे पॉइंट्स

आमच्या बाबांना पानात टाकलेलं खपत नाही. ताटातल्या वरणाचा शेवटचा ओघळसुद्धा बोटाने पुसून घेणार. रिटायर होऊन ते आणि आई अमेरिकेत, फ्रीमाँटला आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ही सवय त्यांना कॅसिनोत नडेल असं कुणाच्या स्वप्नात तरी आलं असतं का?

झालं असं, की मी आणि नवरा ऑफिसला गेलो की बाबांना घर खायला उठायचं. पार्कात भेटणाऱ्या एका काकांनी त्यांना कॅसिनोच्या बसबद्दल सांगितलं. बस फुकट, वर कॅसिनोच्या मेंबर-कार्डावर पैशांसारखे लावायला फुकटचे पॉइंट्स! आईच म्हणाली, "जा, तेवढाच विरंगुळा." आता फुकटचे पॉइंट्स तसेच ठेवून परत येणं म्हणजे पानात टाकणंच की! बाबा ते संपवायचे, मग हात शिवशिवायचे आणि स्वतःचे पैसे लावायचे. जितके हरायचे, तितके कॅसिनोवाले आणखी पॉइंट्स पाठवायचे. वाढदिवसाला तर जेवण दिलं मेल्यांनी. शेवटी आईच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे गेले, तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

माझं डोकंच फिरलं. "केस टाकते मी कॅसिनोवर! म्हातारा माणूस सारखा हरतोय हे दिसत होतं ना त्यांना? मग वर आणखी आमिष कशाला?"

"यार, बाबा काय लहान आहेत?" नवरा म्हणाला. "कुणी ओढून नेलं होतं त्यांना?"

त्यावर मी त्याच्याशी कितीतरी वेळ धड बोलले नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त राग. बाबा कुणाचीच बाजू घेत नव्हते. मान खाली घालून मेथी निवडत बसायचे.

एका शनिवारी सकाळी तेच म्हणाले, "मला आत घेऊ नका, असं लिहून देता येतं म्हणे कॅसिनोत. काढ गाडी." आईही हट्टाने निघाली.

तिथल्या ऑफिसातल्या बाईने नीट समजावून सांगितलं. कायमचं बंद करायचं ना, विचारलं. बाबांनी मान डोलावली, पेन उचललं. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. तेवढ्यात ती बाई म्हणाली, "सही केलीत की कार्डावरचे उरलेले पॉइंट्स रद्द होतील हं."

बाबांचं पेन थांबलं. "किती उरलेत?"

तिने कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं. बरेच होते.

"मग असं करतो," बाबा खुर्चीतून उठत म्हणाले, "तेवढे संपवून येतो. लगेच. मग करतो सही."

मी त्या बाईवरच घसरले. "बघा, बघा! ही चटक तुम्ही लावलीत!"

ती चिडली नाही. म्हणाली, "पॉइंट्स आम्हीच दिले, मान्य आहे. सही केल्यावर तुमचे वडील इथे दिसले तर आम्ही अडवू. पण त्यांची सही मी नाही ना करू शकत."

आई टेबलाचा आधार घेत कशीबशी उभी राहिली. "अहो, बसा खाली. जन्मभर पानातलं संपवलंत. आज टाका. मी सांगतेय ना, टाका!"

बाबा तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि सही केली.

सुटले बाई एकदाची! पार्किंगमध्ये येऊन मी गाडीत ढसाढसा रडले, तर आई म्हणते कशी, "आता रडतेस काय, घरी चल, भूक लागलीय." ऑपरेशन आता थोडं लांबेल, पण होईल, आम्ही बघू. मी अजून कॅसिनोला शिव्या घालते आणि नवरा अजून "पण बाबा" म्हणतो. फक्त आता दोघंही चहा पिता पिता.

त्या दुपारी आईने शिरा केला. बाबा निवांत जेवले, पोटभर. ताटात दोन घास शिरा उरला होता. मी बघतच राहिले. बाबांनी ताट पुढे सरकवलं.

"बस झालं मला," म्हणाले.

आईने ते ताट उचललं, आणि कितीतरी दिवसांनी हसली.