यवतमाळच्या बाजारातला समुद्री जीवाणू

यवतमाळात समुद्र आणणारा पहिला माणूस मीच. एकोणीसशे साठच्या आसपास कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचो, खोलीवर एकटा राहायचो. आठवडी बाजारातल्या खारवलेल्या सुक्या मासळीवर मला गुलाबी डाग दिसला. तो काचनळीत वाढवला, चमचा उभा राहील इतक्या मिठात! तरी जीवाणू ऐटीत वाढले. माझ्याकडच्या एकुलत्या जुन्या ग्रंथात त्यांचं वर्णन नव्हतं. म्हणजे नवी जात! सहा महिने मी फक्त त्यांच्याशीच बोललो.

शोधनिबंध धाडण्याआधी आणखी एक नमुना हवा, म्हणून काचनळी घेऊन मासळीवालीकडे गेलो.

"हे तर लाली होय, मास्तर," ती म्हणाली. "मीठ ओलं झालं का माशावर चढते. बंदरावरचे सायब लोक कवाच तपासून, नाव देऊन गेले, आमचा व्यापारी सांगते. तुमी कायले पाळून राह्यले? घरी कोनी नाही काय?"

माझी नवी जात तिथंच जुनी झाली. मी खदखदून हसलो. सांगायला खोलीवर कोणी नव्हतं, म्हणून पावभर सुकट मागितली आणि ती तोलेपर्यंत लालीबद्दल आणखी चार प्रश्न विचारले.