न मागता आलेला पाळणा

हॉटेलात उतरताना तुम्ही काय काय विचारता? नाश्ता फुकट आहे का, वाय-फाय चालतं का, खोली थोडी उशिरा सोडली तर चालेल का. सगळं विचारता. या फरशीखाली, पाया खणायच्या आधी इथे काय होतं, हे कधी विचारलंत? नाही ना? शारदाबाईंनीही नाही विचारलं. त्यांना ते माहीत होतं.

शारदाबाई मल्लेश्वरमच्या. बाजाराच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवतात. घराणं बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं; घरात मराठी, दारात कन्नड आणि रागात दोन्ही. ब्लाउज घट्ट झाला अशी तक्रार घेऊन कुणी आलं तर बाई उलट तिलाच झापणार, "माप देताना श्वास ओढून कशाला धरलेलास? आता सोडलास तर माझा दोष?" गिऱ्हाईक हसतं आणि पुढचा कपडाही त्यांच्याकडेच टाकून जातं. नवरा गुंडूराव जाऊन काही वर्षं झाली. एकच मुलगी, भव्या, आणि जावई शुभंकर. हा पुण्याचा, आयटीतला, घरात कमी आणि विमानात जास्त. विमानात बसला की पॉइंट, हॉटेलात झोपला की पॉइंट.

एका रविवारी तो म्हणाला, "आई, पॉइंट्स एक्स्पायर होतायत. वापरले नाहीत तर वाया जातील. इथेच आनेकल रोडला जबरदस्त प्रॉपर्टी आहे, लेक-साइड. तुम्हीपण चला ना."

एरवी बाईंचं उत्तर ठरलेलं, "का, माझं घर गळतंय?" पण त्या दिवशी त्यांनी शिलाई थांबवली. "कुठलं तळं?"

शुभंकरनं फोनवर फोटो दाखवला. हिरवळ, दिवे, मागे पाणी. बाईंनी तो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "सरी, चालेल. येते."

भव्या आईकडे बघतच राहिली. तिला कारण ठाऊक नव्हतं.

लग्न झालं तेव्हा गुंडूराव आनेकलकडच्या कारखान्यात होते आणि या तळ्याच्या बांधाला लागूनच त्यांची भाड्याची खोली होती. पहिली मुलगी तिथेच झाली. बारशासाठी शेजारणीचा पाळणा मागून आणला, धुऊन उन्हात वाळवला. बारसं बाराव्या दिवशी. पोर त्याच्या आधीच गेली. एवढ्याशा जिवाला अग्नी देत नाहीत, पुरतात. तळ्याचं पाणी सोडायच्या मोरीच्या दगडांपलीकडे करंजाचं झाड होतं, होंगे म्हणतात इकडे. त्या वस्तीची सगळी लहानगी त्याच झाडाखाली. गुंडूराव तिला बाईंच्याच जुन्या साडीत गुंडाळून घेऊन गेले. बाळंतिणीला कुणी उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही. शेजारणीचा पाळणा गेला तसाच रिकामा परत.

पुढे मल्लेश्वरमला आले, भव्या झाली. तिला सांगायचं नाही असं कुणी ठरवलं नव्हतं. एकदा राहून गेलं ते राहूनच गेलं. बाई मात्र दरवर्षी महालय अमावस्येला बस बदलत बदलत जायच्या आणि करंजाखाली पानावर दूधभात ठेवून यायच्या. मग एका वर्षी तिथे पत्रे दिसले. पुढच्या वर्षी भिंत. भिंतीपाशी रखवालदार, "अम्मा, प्रायव्हेट. हलायचं." कागदोपत्री जागा म्हणे रिकामी होती. माणसं आपली लेकरं ठेवून गेलीत ती जागा रिकामी कशी, हे त्या कागदांवर सह्या करणाऱ्यांना समोर उभं करून विचारायला हवं होतं. कुणी विचारलं नाही. वस्ती आधीच हलवली होती.

गुडघे आता साथ देत नव्हते आणि ती जागा ठाऊक असलेलं दुसरं माणूस उरलं नव्हतं. एकदा, एकदाच तिथे दूधभात ठेवायचा, एवढंच बाईंना हवं होतं. म्हणून शनिवारी त्या जावयाच्या गाडीत बसल्या तेव्हा पिशवीत साड्यांच्या तळाशी स्टीलचा डबा होता.

ज्या फाटकावरून हाकललं होतं त्याच फाटकानं सलाम ठोकला. पॉइंटांचा महिमा!

काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली, "सर, तुमच्या मेंबरशिपवर अपग्रेड मिळालाय. गार्डन स्वीट, तळमजला." मग तिनं तिघांच्या मागे वाकून बघितलं. "आणि बाळ?"

"बाळ नाहीये," शुभंकर म्हणाला.

"सॉरी सर." तिनं पुन्हा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं आणि खोलीचं कार्ड पुढे केलं.

स्वीट म्हणजे दोन खोल्या. आतली जोडप्याची, बाहेरची बाईंची. बाहेरच्या खोलीला बागेकडे अख्खी काचेची भिंत, आणि त्या काचेला लागून पाळणा ठेवलेला. लाकडी, खाली वाकड्या पट्ट्या, पांढरी गादी. वर दोऱ्यानं बांधलेलं कार्ड: आमच्या छोट्या पाहुण्याचं स्वागत. त्याखाली नावासाठी रेघ. रेघेवर काही नाही.

"अरे वा, हापण फ्री!" शुभंकरनं बुटाच्या टोकानं पाळण्याला झोका दिला.

"पाय काढा!" बाई अशा ओरडल्या की तो मागेच सरला. "रिकामा पाळणा हलवू नये."

भव्याचा चेहरा उतरला. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिच्या घरात पाळणा हा शब्द जपून वापरला जायचा. तिनं फोन उचलला. हाउसकीपिंगचा नागराज आला, नजर जमिनीवर ठेवून पाळणा घेऊन गेला.

जेवून परत आले तर पाळणा तिथेच. त्याच जागी, त्याच कोनात. कार्डावरची रेघ तशीच कोरी. फक्त गादी आता सपाट नव्हती. मधोमध नारळाएवढा खळगा पडला होता. आणि एवढ्या थंड, अत्तर फवारलेल्या खोलीत तळ्याच्या गाळाचा वास येत होता.

भव्या फुटली. "अम्मा, तूच सांगितलंस ना त्यांना? तोंडानं विचारवत नाही म्हणून हे असं? काचेपाशी पाळणा मांडून ठेवलाय, दुकानात मांडतात तसा!"

"भव्या, मी..."

"सासरच्या काकूंचे टोमणे कमी होते म्हणून तू पण? हौसेनं आणलं गं तुला इथे!"

"अगं, सिस्टीमचा घोळ असेल," शुभंकर मध्ये पडला.

"तू गप रे!"

जिभेनं अख्खं मार्केट गप्प करणाऱ्या बाईंनी पिशवीतला डबा काढला, पदराखाली धरला आणि काच सरकवून बागेत गेल्या.

ऊन उतरलं होतं. हिरवळीत रस्ते, रस्त्यांवर खडी, करंजाचा मागमूस नाही. पण मोरीचे दोन उभे दगड होते! धुऊन, पुसून, खाली दिवे लावून शोभेला ठेवलेले. बाईंनी त्यांवर हात फिरवला. यांना पाठ लावायची, मावळतीकडे तोंड करायचं आणि जमीन किंचित खाली उतरते तिथवर चालायचं. गुंडूरावांनी त्यांना पहिल्यांदा आणलं तेव्हा असंच दाखवलं होतं. जमीन आता कुठेच उतरत नव्हती, पण पायांना अंतर माहीत होतं. डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून बाई खाली बघत चालत राहिल्या. गवत संपलं, खडी आली, खडी संपली आणि कपाळ काचेवर आपटलं.

त्यांचीच खोली होती. काचेच्या आत, हातभर अंतरावर, पाळणा.

काचेवर खालच्या बाजूला आतून वाफ धरली होती. वाटीएवढी. बाई बघत असतानाच ती विरली आणि पुन्हा धरली. विरली, पुन्हा धरली. कुणीतरी आतून काचेला तोंड लावून श्वास घ्यावा तशी.

आणि बाईंच्या छातीत कळ उठली. हृदयाची नव्हे, ती कळ बाई ओळखतात. पासष्टी उलटलेल्या बाईला पान्हा फुटल्याची ती कळ होती. त्या खडीवरच बसल्या.

"अम्मा, डॉक्टरला बोलावू?" नागराज होता, हातात टॉवेल.

"तो पाळणा परत कुणी ठेवला रे?" बाईंनी कन्नडात विचारलं.

त्यानं आजूबाजूला बघितलं. "आम्ही नाही ठेवला, अम्मा. या खोलीत कुणीही उतरो, कॉम्प्युटर एक माणूस जादा दाखवतं. नावाची जागा रिकामी. मोठ्या साहेबांनी दोनदा मशीन दुरुस्त करवलं. लोक ओरडतात, आम्ही पाळणा नेतो. परत कोण आणतं ते मी विचारत नाही. मी आनेकलचा आहे अम्मा, इथे आधी काय होतं ते माझ्या आजीनं सांगितलंय." टॉवेल छातीशी धरून तो झपाझप निघून गेला.

काच सरकली. भव्या बाहेर आली होती. राग उतरला होता, डोळे लाल. "अम्मा, खाली का बसलीस? मी जास्त बोलले. उठ."

"स्वल्प थांब," बाई म्हणाल्या. "तुला एक अक्का होती."

मग सगळं सांगितलं. तळं, खोली, शेजारणीचा पाळणा, करंज, भिंत. शुभंकर दारात उभा होता; त्यानं ऐकता ऐकता बूट काढून ठेवले.

शेवटी भव्यानं विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

"बारसंच नाही झालं. नाव कुठलं?"

"पण मनात धरलं असशीलच की."

हे बाईंना आजवर कुणी विचारलं नव्हतं, गुंडूरावांनीही नाही. ते नाव त्यांनी कधी मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं, त्यामुळे आवाज चिरका निघाला. "सुखदा."

पुढे काय करायचं ते कुणी कुणाला सांगितलं नाही. आत येऊन बाईंनी डबा उघडला आणि दूधभात पाळण्याच्या पायाशी ठेवला. आत्या कुठून आणायची? धाकटी बहीणच पुढे झाली. भव्यानं पदर नव्हता म्हणून ओढणी डोक्यावर घेतली, पाळण्यात वाकली, तोंडाशी हात धरला आणि गादीवरच्या खळग्याशी नाव सांगितलं.

ती लगेच सरळ झाली नाही. वाकलेलीच राहिली, मान एका बाजूला ओढलेली. मग हलकेच डोकं मागे घेत वर आली आणि कानाला हात लावला. कानाची पाळी लालभडक झाली होती, झुमका वाकला होता.

"अम्मा," ती कुजबुजली, "धरून ठेवला होता गं तिनं."

बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी पाळण्याला झोका दिला आणि हात काढून घेतला. पाळणा थांबला नाही. लेकराला झोप लागायला जितका वेळ लागतो तितका वेळ तो झुलत राहिला, मग आपोआप मंद होत थांबला. काचेवरची वाफ विरली. गाळाचा वासही गेला. बाईंनी कार्डावरच्या रेघेवर नाव लिहिलं, कन्नडात एकदा, मराठीत एकदा.

सकाळी निघायच्या वेळी भव्या दारात अडली. "हिला घरी नाही का नेता येणार?"

"घरातच आहे ती," बाई म्हणाल्या. "पाहुणे आपण. चल, गाडी थांबलीय."

काउंटरवर शुभंकरनं तीच खोली पुन्हा मागितली. ती मुलगी म्हणाली, पॉइंट सगळे संपले, आणि ही खोली अपग्रेडमध्ये कुणाला द्यायची ते मशीन ठरवतं, मागून मिळत नाही. फाटकातून बाहेर पडताना बाईंनी मान वळवून बघितलं, दगड दिसेनासे होईपर्यंत. सोमवारी त्या पुन्हा मशीनवर बसल्या. ब्लाउज शिवून पॉइंट मिळत नाहीत. पुढची महालय अमावस्या आली, गेली. फाटकावर माणसं तीच होती, आणि पॉइंट नसलेल्या म्हातारीला त्यांनी ओळखलं नाही.

तुमच्याकडे पॉइंट असतील. वाया जातील म्हणून कुठेतरी वापरालच. कधी आनेकलच्या रस्त्यावर तळमजल्याची, बागेकडची खोली मिळाली, काउंटरवरच्या मुलीनं तुमच्या मागे वाकून बाळाची चौकशी केली, आणि काचेशी न मागितलेला पाळणा दिसला, तर ओरडू नका. फोन उचलू नका, परत पाठवू नका. तिला नाव आहे आता, त्या नावानं हळू हाक मारा. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, ते खरंच; पण तो रिकामा नसतो. झोपण्याआधी तेवढा एक झोका द्या.