मेंढरांनी तोंड न लावलेलं पाणी

मंडळी, आज दुपारपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आमच्या दुष्काळी पट्ट्यात आता शहराचं सांडपाणी शुद्ध करून पाइपनं येतं आणि पाटानं रानात फिरतं. रानं हिरवी झाली, आम्ही सगळे खूश होतो.

मेंढरं राखणारे बिरूमामा दरवर्षी खतासाठी आमच्या रानात कळप बसवतात. आज त्यांची तहानलेली मेंढरं पाटावर आली, पाणी हुंगलं आणि मागं फिरली. एकानंही तोंड लावलं नाही.

मी म्हणालो, "मामा, शुद्ध केलेलं पाणी हाय."

मामा पाटाकडं बघत म्हणाले, "आसंल की. तुमच्या घरच्या भाजीला बी ह्येच पाणी हाय का?"

घरच्या मेथीचा वाफा विहिरीच्या पाण्यावर आहे. शेजाऱ्यांचाही तसाच. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी सगळ्यांनी तेच केलं.

मामा मुक्काम न करता कळप घेऊन पुढं गेले. पाटाच्या पाण्यावरची विकायची मेथी मात्र सकाळीच टेम्पोनं सांगलीच्या बाजारात गेली होती.

सांगलीकर, आज तुमच्याकडं कुठली भाजी केलीय?