पडद्यावरच्या नवरीचा बस्ता

मी संशयी आहे, हे आमच्या घरात सगळ्यांनाच मान्य आहे. टॉवेल घेताना मी कडेचा एक धागा ओढून बघते, कलिंगड चार ठिकाणी वाजवते, आणि दारात कुणी 'सर्व्हेला आलोय' म्हणालं की आधी चष्मा लावून त्याचं ओळखपत्र वाचते. आमचे हे म्हणतात, तुला शाळेच्या ऑफिसात बसवलं आणि पोलीस खात्याचं नुकसान झालं. म्हणू देत. पोरांच्या जन्मतारखा तपासण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. ती सवय घरी येताना टेबलावर ठेवून येता येत नाही.

मुलीचं लग्न ठरलं आणि मला संशय घ्यायला रानच मोकळं झालं.

पहिला संशय होणाऱ्या जावयांच्या नोकरीवर. घर करकंबचं, उसाची शेती, मुलगा पुण्यात कामाला. काय करता म्हणून विचारलं तर त्यांनी मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. एक धट्टाकट्टा खेळाडू डोळ्यांवर काळा डबा बांधून रिकाम्या खोलीत बॅट फिरवत होता. चेंडू नाही, गोलंदाज नाही, स्टंप नाहीत. त्याला म्हणे आत सगळं दिसतं. पुढच्या सामन्यात ज्याला तोंड द्यायचं तो गोलंदाज आदल्या दिवशीच त्या डब्यात येऊन चेंडू टाकून जातो. त्यांची कंपनी कारखान्यांनाही असलेच डबे देते आणि नवे कामगार खऱ्या यंत्राला हात न लावता यंत्र चालवायला शिकतात. ह्यांना भारी कौतुक वाटलं, ते बसल्या जागी बॅट फिरवून बघायला लागले. मी मनात म्हटलं, जो माणूस नसलेलं दाखवण्याचा पगार घेतो, त्याने आपल्याला काय काय दाखवलं असेल कोण जाणे.

दुसरा संशय विहीणबाईंवर, आणि तो जास्त खोल होता. माझ्या मुलीच्या डाव्या गालाखाली, जबड्याच्या कडेला, भाजल्याचा डाग आहे. लहानपणी दिवाळीत गल्लीत कुणाचा तरी भुईनळा फुटला, त्याचा. रुपयाएवढा, तपकिरी, एका बाजूने जरा आकसलेला. त्याच्यापायी आधीची स्थळं 'कळवतो' म्हणून गेली आणि त्यांनी कधीच कळवलं नाही. एका बाईंनी तर तिच्यासमोरच विचारलं, हा वाढत तर नाही ना. फोटो काढायची वेळ आली की मुलीची मान आपोआप डावीकडे वळते.

विहीणबाई बघायला आल्या तेव्हा त्यांनी मुलीला पोह्यांची बशी खाली ठेवायला लावली, हनुवटी धरून तिचं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि डाग नीट निरखून बघितला. विचारलं काहीच नाही. मग होकार आला, आणि देण्याघेण्याचं नावसुद्धा कुणी काढलं नाही. दुसरी एखादी आई देवाला नारळ फोडून मोकळी झाली असती. माझी झोप उडाली. इतक्या सहज हो म्हणणारी बाई मनात काहीतरी धरून असणार. आज गप्प बसेल आणि लग्नानंतर एखाद्या दिवशी, भाजी खारट झाली म्हणून, तो डाग बाहेर काढेल. माझी लेक तिथे, मी इथे. तिच्या बाजूने बोलायला कोण असणार?

अशात बस्त्याचा दिवस ठरला. दोन्हीकडची मंडळी दुकानाच्या गादीवर बसणार, नवरीला कुंकू लावून पहिली साडी तिच्या खांद्यावर टाकणार, आणि मग शालू निघणार, तोही मुलाकडच्यांनी काढायचा. करकंबची माणसं सोलापुरात यायला तयार, पण आमची नवरीही पुण्यातच नोकरीला, तिला रजा मिळेना. त्यावर जावईच म्हणाले की काळजी करू नका, सोलापुरातल्या एका दुकानात आता नवरी नसली तरी चालतं. तिने मोबाईलसमोर उभं राहून एक गिरकी घेऊन पाठवली की दुकानातल्या पडद्यावर ती हुबेहूब उभी राहते. गादीवरची साडी कॅमेऱ्यासमोर धरा, ती तिच्या अंगावर दिसते. आमच्या लेकीने गिरकी घेतली आणि पाठवून दिली.

दुकानात गेलो. पडदा दारापेक्षा उंच. सेल्समनने दिवे मंद केले आणि समोर माझी मुलगी उभी राहिली. पापण्या लववत होती, श्वास घेताना खांदे हलत होते. ह्यांनी तिला चक्क हात केला. मुलाचे मामा म्हणाले, पोरीला पाणी विचारा कुणीतरी. सगळे हसले. सेल्समनने मोरपंखी शालू कॅमेऱ्यासमोर धरला आणि तो तिच्या अंगावर चढला, निऱ्यांसकट. गादीवर आनंदीआनंद. मी मात्र त्या शालूचा एक धागा मागितला. जाळून वास घेतल्याशिवाय मी रेशमाला रेशीम म्हणत नाही. सेल्समन म्हणाला, मावशी, आधी बघून तर घ्या.

म्हणून बघितलं. काहीतरी चुकत होतं आणि काय ते कळत नव्हतं. मग कळलं. मान सरळ होती. माझी मुलगी कॅमेऱ्यासमोर कधीही सरळ मानेने उभी राहत नाही, आणि ही समोर बघत होती, बिनधास्त. मी उठून पडद्याजवळ गेले. डाग नव्हता. गाल सोललेल्या अंड्यासारखा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे जावयांचंच काम, दुसरं कुणाचं असणार? नसलेलं दाखवतात तसं असलेलं झाकताही येत असेल. नातेवाईकांपुढे नवरी स्वच्छ दिसावी म्हणून त्यांच्या आईनेच सांगितलं असेल. मी वळून विहीणबाईंकडे बघितलं. त्याही शालूकडे बघत नव्हत्या. त्या मुलीच्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या, आणि मला वाटलं, बाईंना ही आवडली. आता घरात खरी येईल तेव्हा रोज हिच्याशी तिची तुलना होणार. मी तिथल्या तिथे ठरवलं, एक वावगा शब्द निघाला तर हे लग्न याच गादीवर मोडून उठायचं. ह्यांना काय वाटेल ते वाटो.

विहीणबाईंनी सेल्समनला विचारलं, "पोरीच्या गालावरचा डाग कुटं गेला?"

तो बिचारा खूश झाला. सांगायला लागला की मशिन आपोआप काढतं, सगळ्यांचेच डाग, मुरुमं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, काही सांगावं लागत नाही. मानसुद्धा तेच सरळ करतं. गिऱ्हाइकाला आवडतं.

"मग परत घाला की."

सेल्समनने बटणं दाबून बघितली. मालकांना बोलावलं, मालकांनीही दाबून बघितली. डाग परत घालायची सोयच त्यात नव्हती. असं आजवर कुणी मागितलंच नाही, असं ते म्हणाले. मामा मध्ये पडले की राहू दे गं, बरीच दिसतीय की, साडी बघ आणि पुढं चल. मी तोंड उघडणार, तेवढ्यात विहीणबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. त्यांनी ताटातली कुंकवाची कोयरी घेतली. सगळ्यांना वाटलं, रीत करायला उठल्या, कपाळाला लावणार. मालक घाईने म्हणाले की मावशी, काच आहे, नाजूक आहे. त्यांनी अंगठा कुंकवात बुडवला आणि पडद्यावरच्या मुलीच्या जबड्याच्या कडेला, डाव्या गालाखाली टेकवला. उचलला नाही, जरा फिरवला, रुपयाएवढा होईपर्यंत. मग एका बाजूने नखाने थोडा पुसून आकसता केला.

"हितं हाय," त्या म्हणाल्या. "उजेडात धरून बगून ठिवलाय मी. नवरीच्या अंगाखांद्यावरचं सासूला ठावं नको व्हय?" मग सेल्समनकडे वळल्या. "रंग माज्या सुनंला शोभंल तो काढायचा हाय. ह्या बाईला कुटलाबी का शोभंना, ही आमची न्हाय."

मला रडू आलं. गादीवर, परक्या माणसांसमोर, मी पदरात नाक शिंकरलं. त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि रागही आला. एवढंच मनात होतं तर त्या दिवशी हनुवटी धरल्यावर एक शब्द बोलायचा होता ना बाईंनी, माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या. विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि सेल्समनकडून माझ्यासाठी पाणी मागवलं. मानपानाच्या साड्या काढल्या, जावयांचा कोट निघाला. शालू राहिला. परत एक खेप पडणार म्हणून मामा जीपपर्यंत कुरकुरत गेले.

संध्याकाळी मुलीला फोन केला आणि सगळं सांगितलं. मान सरळ केल्याचं सांगितलं तेव्हा ती जराशी हसली. कुंकवाचं सांगितलं तेव्हा तिने मला मध्येच थांबवलं.

"कुठल्या गालाला लावलं?" तिने विचारलं.

"डाव्या."

"त्यांच्या डाव्या हाताला का माझ्या डाव्या गालाला? नीट आठवून सांग आई."

लेक माझीच आहे. "तुझ्या डाव्या गालाला," मी म्हटलं. "बरोब्बर जागी. कडेला आकसलाय तसासुद्धा केला."

पलीकडून तिने नाक ओढलेलं ऐकू आलं.

"शनिवारी येते मी," ती म्हणाली. "रजा देवोत नाहीतर न देवोत. त्यांना सांग, शालू माझ्या अंगावर टाकूनच बघा."