वहिनीच्या दगडावरचं कापड

माझ्या वहिनीचं नाव मी घेणार नाही. आमच्या बाडू बेटावर नणंद-भावजयांनी एकमेकींना नावाने हाक मारायची नसते, आणि माणूस गेलं म्हणून नातं काही सुटत नाही. नाव तिच्या दगडावर कोरलेलं आहे. ज्याला हवं त्याने तिथे जाऊन वाचावं.

तिच्याबद्दल लिहून द्या, असं मला चर्चच्या महिला मंडळाने सांगितलं. प्रेमळ, कष्टाळू, देवभीरू असं काहीतरी त्यांना हवं होतं. मी जन्मभर पोरांचे निबंध तपासले आहेत, त्यामुळे असले शब्द दिसले की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. वहिनी प्रेमळ होती की नाही ते ज्यांनी तिच्या हातचे धपाटे खाल्ले त्यांना विचारा. मला जे माहीत आहे ते मी सांगते.

ती शेजारच्या माबुयाग बेटाची. माझ्या थोरल्या भावाशी, एफ्राईमशी लग्न होऊन आली तेव्हा तिच्याकडे दोन झगे होते आणि तिने स्वतः विणलेल्या केवड्याच्या पातीच्या चटया. एफ्राईम बटणं बनतात त्या शिंपल्यांसाठी बुड्या मारायचा. पुढे प्लॅस्टिकची बटणं आली, शिंपल्यांना कोणी विचारेना, तसा तो बेटावरच्या इतर पुरुषांबरोबर मुख्य भूमीवर रेल्वेचे रूळ टाकायला गेला. नाताळला यायचा. बाकी वर्षभर घर वहिनीचं. कसावा लावायचा, त्याचे कंद काढायचे, नारळ खवायचे, ओहोटीला खडकांवर जाऊन कालवं आणायची, धक्क्यावर गळ टाकून बसायचं. मासा गळाला लागेपर्यंत पोरांकडून पाढे म्हणून घ्यायची आणि चुकलं की झटका मासा नाही, तीच द्यायची. तिची मुलं माझ्या शाळेत येत तेव्हा अर्धं काम झालेलं असे. पुढे ती मुलं मुख्य भूमीवरच्या केर्न्स, टाउन्सव्हिल शहरांत कामाला गेली आणि आपली पोरं तिच्याकडे पाठवू लागली. नातवंडं तिला अका म्हणत, आमच्याकडे आजीला हाच शब्द. "अकाकडे पाठवीन" ही केर्न्समध्ये धमकी होती, आणि सुट्टी संपली की तीच पोरं विमानाच्या शिडीवर भोकाड पसरायची.

वहिनीने सात पोरं जन्माला घातली आणि सहा वाढवली. सातवी माझी.

आमच्याकडे मूल दुसऱ्या घरी देतात, पण त्याबद्दल बोलत नाहीत. सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे गप्प असतात. मी लिहितेय ते त्या सातवीला, तबिताला विचारून. ती म्हणाली, "लिही, पण लांबण लावू नकोस."

मी टाउन्सव्हिलच्या कॉलेजात शिकून, मास्तरीण होऊन परत आले होते. ओबेदशी लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. केर्न्सच्या डॉक्टरने आशा सोडा म्हणून सांगितलं, ते मी कोणाला बोलले नव्हते. बोलायचं तरी काय. एका दुपारी वहिनी पोट सांभाळत आली, माझ्या स्वयंपाकघरात बसली आणि न विचारता माझा कसावा सोलायला लागली.

"हे तुझं," ती म्हणाली.

मला वाटलं कसाव्याबद्दल बोलतेय.

"पोटातलं गं. रात्रंदिवस लाथा मारतंय, कोणाचं ऐकत नाही. स्वभाव तुझाच दिसतो."

मी तिला म्हटलं की असली थट्टा मला आवडत नाही.

"थट्टा करायला मी एवढ्या उन्हात चालत येईन होय? एफ्राईमला पत्र गेलंय, त्याचं 'बरं' आलंय. एवढंच, की दिलं म्हणजे दिलं. मी परत मागणार नाही. आणि तिने तुझं कितीही डोकं खाल्लं तरी तूही परत आणून द्यायची नाहीस."

मुलगीच होणार हे तिला कसं कळलं होतं, ते तिलाच ठाऊक.

दूध तिनेच पाजलं. दिवसातून कितीतरी वेळा माझ्या व्हरांड्यात यायची, पाजायची, ढेकर काढून पोर माझ्या हातात द्यायची आणि रिकाम्या हातांनी घरी जायची. वळून पाहायची नाही. मी मागून बघत असे, म्हणून खात्रीने सांगते.

तबिता वहिनीला मामी म्हणत मोठी झाली. वहिनीने तिला इतर भाच्यांपेक्षा काडीभर जास्त जवळ केलं नाही की काडीभर कमी. फक्त शनिवारी धक्क्यावरून येताना वहिनीची पोरं आमच्या घरी एक मासा टाकून जात, आणि तो त्या दिवसाचा सगळ्यात मोठा मासा असे. मी एकदा विचारलं, की घरात एवढी तोंडं असताना मोठा मासा आम्हाला का. वहिनी म्हणाली, "मोठ्या माशाचे काटे मोठे. माझ्या पोरांच्या घशात अडकतात." तिची पोरं खेकड्याची नांगी दातांनी फोडत.

तबिता दहा-अकरा वर्षांची असताना माझ्याशी भांडून घरातून निघून गेली. भूगोलाच्या वहीवरून भांडण होतं. शाळेतल्या कोणीतरी तिला तिच्या जन्माचं सांगून टाकलं होतं, आणि ती सरळ वहिनीच्या दारात जाऊन उभी राहिली, की मी आता इथेच राहणार, हेच माझं खरं घर. मी मागोमाग धावले होते आणि आमच्याच कुंपणापाशी थांबले होते. पुढे पाऊल टाकवेना. वहिनीने तिला भोपळ्याची नारळाच्या दुधातली भाजी वाढली. तिचं पोटभर खाऊन होऊ दिलं. मग मनगटाला धरून तिला बेटाच्या मुख्य रस्त्याने, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, माझ्याकडे आणलं.

"मामीकडे जेवायला कधीही यायचं," ती पोरीला म्हणाली. "राहायला तुझं घर आहे, आणि तुझी आई तिथे कुंपणाला टेकून उभी आहे बघ, शेळीसारखी."

मला शेळी म्हणालेली ती एकटीच बाई.

शेवटी वहिनीला मूत्रपिंडाने दगा दिला. केर्न्सला मुलांकडे राहून उपचार घ्यायला ती तयार नव्हती. घरी अंथरुणावर पडून तिने आम्हाला हुकूम सोडले. आधीच गेलेल्या एफ्राईमच्या दगडाखालचा चौथरा तडकला होता, कारण तो बांधणाऱ्या तिच्या माबुयागच्या भावांनी किनाऱ्यावरची खारी वाळू न धुता सिमेंटात घातली होती. "माझेच भाऊ ते, आळशी," ती म्हणाली. "माझ्या वेळी वाळू गोड्या पाण्याने धुऊन घ्या. तबिताला सांग." तबिता कौन्सिलच्या गोड्या पाण्याच्या यंत्रावर कामाला आहे, त्यामुळे मला त्यात नवल वाटलं नाही.

आता आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. माणूस गेलं की रक्ताच्या माणसांनी कशाला हात लावायचा नाही. त्यांनी चटईवर बसायचं आणि रडायचं. आंघोळ घालणं, खड्डा खणणं, स्वयंपाक, सगळं सोयऱ्यांनी करायचं. दोन-तीन वर्षांनी दगड उभा राहतो, कापडांत गुंडाळलेला. मग एक दिवस सगळं गोत जमतं, कापडं उतरतात, तेव्हा कुठे माणूस खरा निरोप घेऊन जातं. त्या दिवशीही राबायचं सोयऱ्यांनीच. वहिनीचे सोयरे म्हणजे आम्ही, तिच्या नवऱ्याकडचे. म्हणजे मी, आणि माझी मुलगी तबिता.

दगड मुख्य भूमीवरून मालवाहू बोटीने आला. त्या आठवड्यात जोसाया माझ्याकडे आला. हा वहिनीचा थोरला, चर्चमध्ये उपदेश करतो, आणि घरातही करतो. बराच वेळ हवापाण्याचं बोलला. मी म्हटलं, "जोसाया, काय ते बोल, माझा भात लागतोय."

तो म्हणाला, "आत्या, त्या दिवशी तबिता आमच्यात बसेल."

मी गॅस बंद केला.

तो म्हणाला की आईने तिला मनगटाला धरून माझ्याकडे परत नेलं तेव्हा तो दारात उभा होता, चांगला कळता होता, आणि आईला थांबवावं असं त्याला वाटलं होतं. तेव्हापासून ते त्याच्या मनात आहे. आता आई नाही. आईच्या दगडासमोर तिची सगळी लेकरं एका चटईवर दिसावीत, एवढंच त्याला हवं होतं. वाईट मनाने बोलत नव्हता. डोळे भरले होते त्याचे.

मी त्याला सांगितलं की तुझ्या आईने एक शब्द दिला होता आणि मरेपर्यंत पाळला. तिच्याच दगडासमोर तू तो मोडणार का? तो म्हणाला, "शब्द तुम्हा दोघींचा होता. तबिताला कोणी विचारलं?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. मी तबिताला तेवढं सांगितलं, की जोसाया असं असं म्हणतो, तुला हवं ते कर. ती "बघू" म्हणाली आणि वाळू धुवायला गेली. पिंपंच्या पिंपं पाणी ओतून तिने ती वाळू धुतली. ओबेद असता तर म्हणाला असता, पोरीने समुद्र गोड करायला घेतलाय. मी मात्र त्या दिवसांत नीट जेवले नाही. पन्नाशीची पोर माझी, पण तिने त्या चटईवर जाऊन बसायचं म्हणजे बेटाने उघड म्हणायचं, की मास्तरणीने सांभाळली होती, आता घरी गेली.

दिवस उजाडला. भल्या सकाळीच भट्टीचा खड्डा पेटला होता. तापलेल्या दगडांवर केळीची पानं, त्यावर कासव, डुक्कर, कसावा, वरून पोती आणि वाळू. तबिता कोपरापर्यंत काजळीने माखली होती. गोत जमलं, स्तोत्रं सुरू झाली. वहिनीची सहाही मुलं मांडवात बसली, अंगाखाली तिनेच विणलेली मोठी चटई. मधे एक जागा रिकामी होती.

जोसाया उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "तबिता, ये. तुझी जागा ठेवलीय."

गाणं थांबलं. लोक मातीकडे बघायला लागले. मी फावड्याला धरून उभी होते, आणि खरं सांगते, त्याला टेकलेच होते, शेळीसारखी.

तबिता मांडवापाशी गेली, पण बाहेरच थांबली. तिने दोन्ही हात पुढे केले.

"दादा, हे हात बघ. मामी गेली तेव्हा तुम्ही सगळे बाहेर बसला होतात. रीतच आहे, तुमचा दोष नाही. तिला आंघोळ मी घातली. केस मी विंचरले, तिला आवडायचा तसा भांग पाडला. वाळू मी धुतली, दगड मी उभा केला. तिच्या लेकरांपैकी हे दुसऱ्या कोणालाच करता येणार नव्हतं. मला आलं, कारण तिने मला तुझ्या आत्याच्या घरी दिलं. आता तू मला हात धुऊन बसायला सांगतोस? मामीचं काम अजून संपलं नाही."

दुसऱ्या घरी दिलेल्या मुलाबद्दल 'लेकरांपैकी' हा शब्द आमच्या बेटावर असा उघड कोणी उच्चारत नाही. तिने तो उच्चारला, आणि त्याच दमात मामीही म्हणाली.

जोसायाने तिच्या हातांकडे पाहिलं. मग खाली बसला आणि हुंदके देऊन रडला. त्या दिवशी त्याचं कामच ते होतं.

पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. तबिताने आणि मी कापडं उतरवली, आधी फुलाफुलांचं, मग लेसचं, मग पांढरं. चौथऱ्याला एकही चीर नाही. मी मुद्दाम वाकून पाहिलं. वहिनीने पाहिलं असतंच.

जेवणाला आधी सोयऱ्यांना वाढतात आणि घरच्यांनी स्वतः वाढायचं असतं. जोसाया पान घेऊन आला. कासवाच्या रश्श्याशेजारी एक भाजलेला मासा होता, पानाबाहेर शेपूट जाईल एवढा. त्याने तो तबिताच्या पुढ्यात ठेवला, मग मला म्हणाला, "आत्या, काटे मोठे आहेत याचे. आमच्या घशात अडकतात."

म्हणजे पोरांनाही माहीत होतं.

मी तबिताला म्हटलं, आधी हात धू. तिने ऐकलं नाही. तसेच काळे हात घेऊन जेवायला बसली, माशाचा मधला तुकडा काढून माझ्या पानात टाकला आणि म्हणाली, "जेव आता, आई. आठवडाभर जेवली नाहीस, मला कळत नाही का?"