गाडीचा लंगोट

हे माझ्या तोंडातून कधी निघालं नाही. निघेल असं वाटलं, तेव्हा मी दुसरंच काहीतरी बोललो. गोष्ट एका मोटरसायकलच्या पोटाखालच्या पत्र्याची आहे — त्यात लपवण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. मी हळूहळू येतो तिथवर.

ऐंशी सालानंतरची वर्षं. गडचिरोलीच्या आतल्या भागात, गुरांच्या दवाखान्यात, आम्ही दोघं लस टोचणारे — मी आणि सुखदेव. दोघांना एकेक सरकारी राजदूत मोटरसायकल. रस्ते म्हणजे बंडीच्या, बैलगाडीच्या, चाकोऱ्या. मधे उंचवटा, आणि त्या उंचवट्यात तोडलेल्या झाडांचे खुंट. बंडीची आस त्यांच्या वरून निघून जाते — मग खुंट काढणार कोण? चाकोरीत चाक अडकतं, म्हणून मोटरसायकल त्या उंचवट्यावरूनच न्यावी लागे. अन् तिचं इंजिन नेमकं खुंटाच्या उंचीवर.

म्हणून गावच्या लोहाराकडून बंडीच्या चाकावरची जुनी लोखंडी धाव सरळ करून घेतली, तिच्या पट्ट्यांवर जाड पत्रा ठोकला आणि तो इंजिनाखाली नटांनी आवळला. दवाखान्यात त्याला सगळे लंगोट म्हणत. सकाळी किक मारली की शिपाई ओरडायचा, "सुखदेवभाऊ, लंगोट बांधला का? नाई तं जंगलात इज्जत जाईन!" सुखदेव हसून म्हणायचा, "माह्या गाडीचा पक्का हाये. तू तुहा पाह्य."

मला मात्र वेगळाच नाद लागला. खाली, जिथे चालवणाऱ्याची नजर जात नाही, तिथे नेमकं काय होतं? मी पत्र्याला चुना फासून फेरीवर जाऊ लागलो. परत आलो की गाडी आडवी करून बघायचो. कुठे ओरखडा, कुठे चुना सोलून गेलेला, कुठे गवताचा हिरवा फराटा — सगळा रस्ता तिथे उमटलेला. लोक हसायचे. मला फार मजा वाटायची. अजूनही वाटते, खोटं कशाला बोलू?

मग प्रश्न पुढे सरकला. मार सगळा डाव्या कोपऱ्यावर बसतो, मधे जवळजवळ नाहीच. मग एवढा पत्रा लागतो कशाला? तो नसता तर इंजिनाला खरंच काही झालं असतं? हे कळायला पत्रा काढूनच जायला हवं होतं. आणि माझ्या गाडीवर ते करून बघायची — हिंमत म्हणा, काय म्हणा — नव्हती.

पत्रा आणि इंजिन यांच्यामधे चिखल भरतो, वाळून दगड होतो, इंजिन तापतं. म्हणून बाजाराच्या दिवशी लंगोट सोडून गाड्या धुवायची आमची रीत होती. एकाने दोन्ही धुवायच्या, आळीपाळीने. त्या आठवड्यात पाळी माझी. माझा लंगोट मी परत बांधला. सुखदेवच्या इंजिनाच्या पोटाला चुना फासला, आणि त्याचा पत्रा गुरांच्या ढेपेच्या पोत्यांखाली सारला. एका फेरीपुरता. तो वाकून बघणार नाही हे मला ठाऊक होतं. का बघेल? गाडी मी धुतली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला. खुंट लागून इंजिन खालून फुटलं, ऑइल सांडलं, गाडी कलंडली, सुखदेवचं मनगट मोडलं. पेटीतला बर्फ वितळून लस वाया गेली.

साहेबांनी विचारलं, पत्रा कुठे? सुखदेवने सांगितलं ते कुणाला पटलं नाही. मग दवाखान्यानेच उत्तर तयार केलं — भंगारात विकला, त्याची मोहाची प्यायला, अन् पिऊनच पडला. सुखदेव! ज्याच्या घरी रोज सकाळी पंचशील म्हटलं जायचं, ज्याने थेंब कधी तोंडाला लावला नाही. त्याची गाडी काढून घेतली, फिरती बंद झाली. लोक त्याला 'लंगोटविक्या' म्हणू लागले. एका लग्नाच्या पंगतीत, त्याच्या मुलीसमोर, कुणीतरी तशी हाक मारली. मी शेजारच्या पानावर होतो. मी भात कालवत राहिलो. पत्रा तोवर मी गावाबाहेरच्या बोडीत, पाण्यात टाकून दिला होता.

एवढं सांगूनही एक राहतंच.

त्या दुपारी त्याला आणायला मीच गेलो होतो — लंगोट बांधलेल्या माझ्या गाडीवर. तो ऐनाच्या झाडाखाली हात पोटाशी धरून बसला होता. मी त्याच्याकडे गेलो नाही. आधी आडव्या गाडीच्या पोटाशी वाकलो. चुना बघायला. मार मधोमध बसला होता, डाव्या कोपऱ्यावर नाही. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? — असं कसं झालं? उरलेला चुना मी तळव्याने पुसून टाकला.

सुखदेवला वाटलं, गाडीला किती लागलं ते मी बघतोय. तो उठला. "भाऊ, लंगोट रस्त्यात कुठी तरी पडला असन. मले आवाजच नाई आला. चाल, पाहू — सरकारी वस्तू हाये." मोडलेला हात गमछ्याने गळ्यात बांधून तो आल्या वाटेने मागे चालू लागला, पायाने गवत बाजूला सारत.

मी दुसऱ्या चाकोरीतून चालू लागलो. वाकून, झुडपं हलवून, त्याच्याइतकंच मन लावून शोधू लागलो. मधूनमधून तो विचारायचा, "सापडला काय, भाऊ?"

मी म्हणायचो, "नाई अजून."